डोक्याचा डिस्चार्ज राहिला

उभी नोकरी सांगलीच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून केलेल्या माणसाला ‘तुमची स्मरणशक्ती तपासू या’ असं कुणी म्हटलं, तर त्याला राग येतो. मलाही आला होता. २०२१ च्या मे महिन्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मी मिरजेच्या एका दवाखान्यात आयसीयूत होतो. तोंडावर बायपॅपचा मास्क, खाली पालथं झोपवलेलं शरीर. त्यातून उठलो आणि घरी आलो. डोक्याची तपासणी झाली ती बऱ्याच महिन्यांनी, आणि तीही बायकोने हट्ट धरला म्हणून. मी डॉक्टर नाही. या सगळ्यात जे कळत गेलं, ते जसं कळलं तसं इथे लिहितो आहे.

१. फुप्फुसाची चौकशी सगळे करतात, डोक्याची कुणी करत नाही. घरी आल्यावर फोन करणारा प्रत्येक जण दोनच आकडे विचारायचा: सॅच्युरेशन किती, आणि एचआरसीटीचा स्कोअर २५ पैकी किती. पुढेपुढे मी ते न विचारताच सांगू लागलो. डिस्चार्ज कार्डावर सगळं होतं. स्टेरॉइड कसं कमी करत न्यायचं, रक्त पातळ ठेवणारी गोळी किती दिवस घ्यायची, साखर कधी तपासायची, श्वासाने तीन चेंडू वर ओढायचं ते प्लॅस्टिकचं यंत्र दिवसातून किती वेळा वापरायचं. लक्ष लागतं का, आठवतं का, हिशोब जमतो का, याबद्दल अक्षर नव्हतं. दवाखान्याला बोल लावत नाही. व्हरांड्यात खाटा टाकायची वेळ आली होती त्या दिवसांत, माणूस जिवंत घरी धाडला हेच पुष्कळ झालं. पण आयसीयूतून सुटलेल्या माणसाच्या शरीरात, मनात आणि विचार करण्याच्या ताकदीत बराच काळ कसर राहू शकते, हे कोविडच्या कितीतरी आधी डॉक्टर मंडळींना ठाऊक होतं. २०१० मध्ये अमेरिकेत भरलेल्या एका बैठकीत त्याला ‘पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम’ असं नावसुद्धा दिलं गेलं होतं. मला ते नाव कळलं तेव्हा माझी कसर घरातल्या सगळ्यांच्या ओळखीची झाली होती.

२. आपलं काही बिघडलंय हे आपल्याला सगळ्यात शेवटी कळतं. माझ्या बाबतीत पहिली खबर बायकोला लागली. ‘अहो, हे तुम्ही आत्ताच विचारलंत’ हे वाक्य घरात वारंवार ऐकू येऊ लागलं. पेपर वाचायचो, पान उलटायचो आणि पुन्हा मागे यायचो. दूधवाल्याचा महिन्याचा हिशोब, जो मी चालता-चालता करायचो, तो कागदावर मांडूनही दरवेळी वेगळा यायचा. मला विचाराल तर मी ठणठणीत होतो, आणि माझ्याकडे त्याचा पुरावाही होता. जुने सहकारी भेटायला आले की मी त्यांना जुनं वेळापत्रक धडाधड म्हणून दाखवायचो: कुठली मुक्कामी गाडी किती वाजता सुटायची, कुठली फेरी बाजाराच्या दिवशीच असायची, सगळं. तेही खूश, मीही खूश.

नंतर डॉक्टरांनी समजावलं की अशा आजारानंतर जुनं सहसा शाबूत राहतं. धक्का बसतो तो आज नव्याने ऐकलेलं धरून ठेवण्याला, एका वेळी दोन गोष्टी सांभाळण्याला आणि विचारांच्या वेगाला. हे ऐकलं आणि मला माझी केबिन आठवली. एका कानाला फोन, समोर गैरहजर चालकाची तक्रार, खिडकीत ‘विटा गाडी गेली का?’ म्हणणारी बाई, आणि हात लॉगशीटवर चालूच. तोच मी आता भाजी चिरताना फोन वाजला की सुरी हातात धरून नुसता उभा राहत होतो. आधी फोन घ्यायचा की आधी सुरी ठेवायची, हे ठरवायला वेळ लागायचा.

३. ‘वातात काय काय बडबडत होतात’ हा घरातला विनोद डॉक्टरांनी मात्र हसून घेतला नाही. आयसीयूत मला वात झाला होता. पांढऱ्या पीपीई किटमधली माणसं मला वाहक वाटत होती आणि एकाच्याही खांद्याला तिकिटांची पेटी नाही म्हणून मी चिडलो होतो. रात्री म्हणे मी ‘पंढरपूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे’ अशी घोषणा करायचो. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांनी एकदा ‘मी बसतोच आहे’ असं उत्तर दिलं. हा किस्सा मी लग्नमुंजीत रंगवून सांगितला आहे.

तपासणीच्या दिवशी मेंदूच्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी हेच विचारलं: भ्रम होता का, किती दिवस होता, मधून जायचा-यायचा का. बायकोला सांगता येईना, कारण तिला आत सोडलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हे कळणं फार उपयोगाचं असतं. अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये आयसीयूतल्या ८२१ रुग्णांचा अभ्यास झाला होता, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत पहिलं नाव पंढरीपांडे हे आपल्याकडचं आडनाव आहे, हे ऐकून मला उगीचच बरं वाटलं. निष्कर्ष मात्र बरं वाटण्यासारखे नव्हते. तीन महिन्यांनी तपासलेल्यांपैकी ४० टक्के लोकांची विचारशक्ती डोक्याला मध्यम मार लागलेल्या माणसाइतकी खाली आलेली होती, आणि वर्षानंतरही ३४ टक्के तिथेच होते. भ्रम जितके दिवस जास्त टिकलेला, तितका निकाल वाईट. हे सगळं कोविड यायच्या आधीचं. म्हणजे दोष एकट्या विषाणूचा नव्हे. गंभीर आजार, कमी पडलेला प्राणवायू, अंगभर पेटलेला दाह, गुंगीची औषधं, हलता न येणं, हे सगळं मिळून घडतं.

आणि कोविड वॉर्डात तर भ्रमाला लागतं ते सगळं हजर होतं. घरचं माणूस नाही, चष्मा पिशवीत, चोवीस तास तोच पांढरा उजेड, बोलणाऱ्याचं तोंड झाकलेलं. विनोद मी अजून सांगतो. पण आता कुणाच्या घरचा पेशंट ‘वातात बडबडतोय’ असं ऐकलं की किती दिवस ते लिहून ठेवा, एवढं सांगतो.

४. चाचणी म्हणजे परीक्षा नव्हे, हे पटूनही मी अभ्यास केलाच. वेळ ठरल्यापासून रोज सकाळी फिरताना शंभरातून सात वजा करत जायचो. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. मुलाने मोबाइलवर कुठूनतरी नमुना आणला होता. तपासणाऱ्या मुलीला हे कळल्यावर ती हसली. लोक पाठ करून येतात म्हणूनच या चाचणीच्या एकाहून अधिक आवृत्त्या असतात, म्हणाली.

ही चाचणी कॅनडातल्या माँट्रियलची. झियाद नसरुद्दीन नावाच्या डॉक्टरांनी केलेली, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली. तिला मोका म्हणतात. गुण ३०, वेळ दहा मिनिटांच्या आसपास, २६ किंवा वर असेल तर साधारण ठीक धरतात. आकडे आणि अक्षरं आळीपाळीने रेघेने जोडायची, ठोकळ्याचं चित्र उतरवायचं, घड्याळ काढून सांगितलेली वेळ दाखवायची. घड्याळ मी इतकं झोकात काढलं की सेकंदकाटाही घातला. मग तिने ‘क’ दिला आणि मिनिटभरात जमतील तेवढे शब्द सांगा म्हणाली. मी सुटलोच: कराड, कोल्हापूर, कवठेमहांकाळ, कुरुंदवाड, कडेगाव. ‘काका, गावांची नावं चालत नाहीत.’ गावांची नावं वजा केल्यावर माझ्या डोक्यात ‘क’ चं काही उरलंच नव्हतं. कप, कात्री, कुलूप, असे काही शब्द आले, मग नुसता घड्याळाचा आवाज.

खरी पंचाईत पाच शब्दांची झाली. ते सुरुवातीला दोनदा वदवून घेतात आणि मधली सगळी कामं झाल्यावर पुन्हा विचारतात. मला दोन आठवले. तिसरा तिने इशारा दिल्यावर आला, पण इशाऱ्याने आलेल्याला गुण नाही. त्या चार-पाच सेकंदांत मी खोलीतल्या कपाटाकडे, पंख्याकडे, तिच्या बांगड्यांकडे पाहत होतो, जणू शब्द तिथे कुठे ठेवले असतील. त्या मुलीने घाई केली नाही आणि कीवही दाखवली नाही. याचे मी तिला वेगळे गुण देईन.

माझे २२ झाले. बारा वर्षं किंवा त्याहून कमी शिकलेल्याला एक गुण वाढवून देतात, तो धरून २३. बारावीनंतर कॉलेज सोडलं म्हणून आयुष्यभर वडिलांची बोलणी खाल्ली होती. कमी शिकल्याबद्दल मार्क मिळाल्याची ही पहिलीच वेळ.

५. कमी गुण म्हणजे रोगाचं नाव नव्हे. २३ ऐकल्यावर परतीच्या वाटेत मी मनात सगळी निरवानिरव करून टाकली होती. मुलांना न ओळखणारा, चपला फ्रीजमध्ये ठेवणारा म्हातारा मला समोर दिसत होता. ही नुसती चाळणी आहे, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं; माझ्या कानातच शिरलं नव्हतं. आणि कानाचा मुद्दा तर खराच निघाला. इतकी वर्षं हॉर्न आणि इंजिनांच्या शेजारी बसून माझा डावा कान गेलेला होता. जे नीट ऐकूच आलं नाही, ते लक्षात कसं राहणार?

पुढे त्यांनी एकेक गोष्ट तपासायला घेतली. थायरॉइड, साखर, बी-१२. साखरेसाठी मी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेतो, त्याने बी-१२ उतरू शकतं. शिवाय घरात शाकाहार. ते कमी निघालंच. आयसीयूपासून झोप उडाली होती आणि मी कुणाला न सांगता झोपेची गोळी चालू ठेवली होती. सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्याही उतारवयात डोकं जड करतात, हे तिथेच कळलं. उदास वाटतं का, कशात रस वाटत नाही का, असे प्रश्नही होते. त्यांची उत्तरं मी बायकोसमोर देऊ शकलो नाही. तिला बाहेर बसवून डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, तेव्हा दिली. निराश माणसाचीही आठवण अडखळते, आणि त्यावर उपचार आहेत.

याची दुसरी बाजूही पाहिली आहे. आमच्या ओळखीतल्या एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांना ३० पैकी २८ पडले. सगळ्यांनी अभिनंदन केलं. ते मात्र संध्याकाळचा हिशोब मिटवताना रडकुंडीला यायचे, कारण पूर्वी अर्ध्या तासात होणाऱ्या कामाला आता रात्र व्हायची. छोट्या चाचणीत वेगातला असा फरक निसटतो. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या दवाखान्यात कोविडमुळे दाखल झालेल्या ४६ जणांना सरासरी सहा महिन्यांनी संगणकावरच्या बारीक चाचण्या दिल्या, तेव्हा उत्तरं चुकलेली आणि संथ दिसली. ही घट पन्नाशी ते सत्तरीच्या दरम्यान माणसात जेवढी होते तेवढी होती. २८ गुण पडले तरी काम जमत नसेल, तर काम जमत नाही हेच खरं मानावं.

६. माझ्या अक्काला या चाचणीत बसवलं असतं तर ती ठणठणीत असतानाही नापास झाली असती. अक्का जत तालुक्यातली, शाळेची पायरी न चढलेली, तिलाही त्याच लाटेत दवाखान्यात ठेवलं होतं. पेन तिने सही-अंगठ्यापुरतंच पाहिलेलं. ती ठोकळा काय काढणार? आणि तारीख विचारली तर ती तिथी सांगणार. तीही अचूक, अमावास्येला किती दिवस उरले त्यासकट. हिला ‘काळाचं भान नाही’ म्हणायचं?

हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता असं नाही. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत, लिहिता-वाचता न येणाऱ्या वृद्धांसाठी म्हणून, १९७५ च्या एका इंग्रजी चाचणीवरून हिंदी चाचणी बेतली गेली, ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. मूळ चाचणीत कागदावर ‘डोळे मिटा’ असं लिहिलेलं वाचून तसं करायचं असतं. इथे तपासणारा म्हणतो, माझ्या तोंडाकडे बघा आणि मी करतो तसंच करा, आणि आपले डोळे मिटतो. मला ही युक्ती फार आवडली. दुसरी वाट म्हणजे घरच्या माणसालाच विचारायचं: दहा वर्षांपूर्वीच्या मानाने आता यांना नव्या वस्तू वापरणं, पैसे सांभाळणं, कालचं बोलणं आठवणं कितपत जमतं? अशी प्रश्नावली १९८९ पासून आहे. अक्काच्या सुनेने तिला तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी असेच प्रश्न विचारले. सून म्हणाली, ‘आत्या आता भाकरीचं पीठ दोनदा मळतात.’ माझ्या २३ मार्कांपेक्षा या एका वाक्यात जास्त माहिती होती.

७. तपासणीची वेळही पाहावी लागते. दवाखान्यातून बाहेर पडता-पडता केली तर स्टेरॉइड, अशक्तपणा आणि जागरण यांचीच मोजणी होते. काही आठवडे जाऊ द्यावेत आणि पुढे काही महिन्यांनी परत करावी. एक फोटो पाहून गाडी येतेय की जातेय ते कळत नाही. माझी पहिली वेळ जुलैत होती. कृष्णेला पूर आला, आम्ही २०१९ सारखे पुन्हा माडीवर, आणि ती वेळ हुकली. त्या आठवड्यात अख्ख्या सांगलीला आयर्विन पुलाजवळची पातळी सोडून दुसरा आकडा आठवत नव्हता, त्यामुळे मी चारचौघांतलाच एक झालो होतो. वर्षाने चाचणी पुन्हा झाली तेव्हा माझे २६ झाले. बी-१२ ची इंजेक्शनं, कानातलं यंत्र, बंद झालेली गोळी, की नुसता गेलेला काळ, यातलं कशाचं श्रेय किती, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. सगळ्यांचं असं सुधारत नाही. पतसंस्थेच्या त्या गृहस्थांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली.

८. सगळ्यात जड गेली ती स्कूटर. विसरणं मी मान्य केलं, चाचणी मान्य केली, पण ‘काही दिवस गाडी चालवू नका’ म्हटल्यावर मी डॉक्टरांशी वाद घातला. हजारो गाड्या सोडल्या आहेत मी, म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, ‘सोडल्यात, चालवल्या नाहीत.’ यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. लक्ष दोन ठिकाणी ठेवणं जिथे जमत नाही, तिथे रहदारीत जाऊ नये, एवढी साधी गोष्ट होती. पैशांचंही तसंच. मोबाइलवरून पैसे पाठवताना बायको शेजारी बसू लागली. पहिल्यांदा मी तोंड फिरवून बसलो. मग एकदा ‘केवायसी अपडेट’ वाल्याचा फोन आला, मी ओटीपी वाचायला चष्मा शोधत होतो, आणि तिने फोन कापला. तेव्हापासून ती शेजारी बसते आणि मी काही बोलत नाही.

बाकी उपाय म्हणावेत असे साधेच निघाले. एका वेळी एक काम. रेडिओ चालू असताना हिशोब नाही. खिशात वही, तीही मी लॉगशीटसारखी आखलेली: वेळ, काम, झालं की बरोबरची खूण. रोज चालणं, ठरल्या वेळेला झोप. ब्राह्मीच्या बाटल्या भेट म्हणून पुष्कळ आल्या. त्या मी प्रेमाने कपाटात ठेवल्या आणि कुठे ठेवल्या ते विसरलो.

९. ‘वयाप्रमाणे होतंच’ हे वाक्य दिलासा देतं आणि वाट अडवतं. मला ते सगळ्यांनी ऐकवलं, आणि ते ऐकायला मला आवडायचं, कारण त्यात काही करायचं नसतं. वयाचा वाटा असतोच. आपल्या देशात साठीच्या पुढच्या लोकांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. पण वयाने येणारं हळूहळू येतं. माझी बायको तारीख सांगू शकत होती: दवाखान्यात जाण्याआधी हे असे नव्हते, आल्यावर असे झाले. डॉक्टरांपुढे इतकं बोलायला धीर लागतो. आपल्याकडे मधुमेह चारचौघांत सांगतात, पण ‘यांच्या डोक्यावर परिणाम झालाय का बघा’ म्हणायला आवाज खाली जातो. तिचा गेला नाही, म्हणून हे लिहू शकतो आहे.

तुमच्या घरचं कुणी कोविड, फ्लू, डेंगी, मेंदूज्वर अशा कशानेही आयसीयूत राहून आलं असेल, तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सरळ विचारा: यांची स्मरणशक्ती आणि लक्ष कधी तपासायचं? जाताना चष्मा, कानाचं यंत्र आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी न्या, झोपेची लपवलेली गोळीसुद्धा. त्यांच्यासोबत रोज राहणारं माणूस बरोबर असू द्या आणि त्याला दोन मिनिटं एकट्याने बोलू द्या. मन खचलं असेल आणि जवळपास कुणी तज्ज्ञ नसेल, तर सरकारची टेली-मानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. ती विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलते.